अभियोग-दप्तर : सातारा व सांगली

फौजदारी खटल्यात शासनाची बाजू मांडणाऱ्या सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयात प्रत्येक खटल्याचे जे कागद जतन केले जातात, त्यांच्या संचयास अभियोग-दप्तर म्हणता येईल. पोलिसांचे दप्तर आणि न्यायालयाचे दप्तर यांहून ते भिन्न होय. त्यात फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, मुद्देमालाची यादी, वैद्यकीय दाखले व दोषारोपपत्र यांच्या प्रती असतात. शिवाय तारखांच्या नोंदी, उलटतपासणीची टिपणे आणि वरिष्ठांकडे पाठविलेली अभिप्रायपत्रे असतात. मूळ कागद न्यायालयात दाखल झालेले असल्याने हे दप्तर बव्हंशी प्रतींचेच असते. तथापि साक्षीदार फितूर झाल्यास त्याच्या पूर्वीच्या जबाबाशी विसंगती दाखविण्यासाठी हीच प्रत हाताशी असावी लागते. एखादा जबाब गहाळ झाल्याने खटला ढासळू शकतो.

मराठेशाहीत सरकारी अभियोक्ता हे पद नव्हते. वादी व प्रतिवादी आपापली तकरीर व करीना लिहून देत, गोतसभेपुढे साक्षी होत आणि निवाडपत्र किंवा महजर तयार होई. न्यायाधीश म्हणून ख्याती पावलेले रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळील माहुलीचे. त्या काळच्या न्यायदानाचे कागद सरकारी दप्तराइतकेच वतनदार घराण्यांच्या संग्रहांत राहिले व पुढे इतिहाससंशोधकांच्या हाती आले. शासन स्वतःच फिर्यादी होऊन खटल्याचे कागद बाळगते, ही कल्पना ब्रिटिश अंमलाबरोबर आली. सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर लेखी तपासाचे स्वरूप निश्चित होत गेले आणि १८९८ च्या संहितेने अभियोक्त्याची नेमणूक व खटला मागे घेण्याचा त्याचा अधिकार यांना स्वतंत्र कलमे दिली.

आजच्या दोन जिल्ह्यांचा प्रदेश मात्र त्या वेळी एका अंमलाखाली नव्हता. सातारा हा ब्रिटिश जिल्हा. सांगली, मिरज, औंध, फलटण व जत ही संस्थाने. या सरमिसळीचा परिणाम १९४२ नंतरच्या चळवळीत विशेष दिसतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेतील पगाराची रक्कम लुटली गेली. हा गुन्हा ब्रिटिश हद्दीतील होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. तो संस्थानी हद्दीतील. म्हणजे अंतर थोडे व काळ जवळचा असूनही तपास, न्यायालय आणि दप्तर ही सर्व निराळी. प्रतिसरकारचे एक केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात होते. हद्द ओलांडून गेलेल्या आरोपीस परत मिळविण्यासाठी संस्थानाशी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा लागे, हे भूमिगतांना चांगले ठाऊक होते. याच काळात गावोगावच्या चावड्यांवर हल्ले होऊन दप्तरे जाळली गेली. प्रतिसरकारने आपली न्यायदान मंडळेही चालविली. त्यामुळे या वर्षांतील गुन्ह्यांचा इतिहास केवळ सरकारी कागदांवरून लिहिणे एकांगी ठरेल.

सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांतील जुन्या खटल्यांचा माग म्हणूनच साताऱ्यापासून काढावा लागतो. संस्थानी गावांचा माग संस्थानांच्या दप्तरांतून. जुने देशी भाषेतील पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत, हीही अडचण आहे.

स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न दप्तर कोणाच्या ताब्यात असावे, हा होय. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत पोलीस अभियोक्तेच काम पाहत. ज्या खात्याने तपास केला त्याच खात्याच्या अंमलाखाली राहून तपासातील उणीव दाखविणे कठीण असते, हे उघड आहे. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात अभियोग पोलिसांपासून वेगळा करण्याची शिफारस केली. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या संहितेत सहायक सरकारी अभियोक्त्याची तरतूद झाली. तरीही महाराष्ट्रात हे अभियोक्ते पोलीस खात्याच्याच प्रशासनाखाली राहिले. अखेर १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा स्वतंत्र संवर्ग करून त्यास पोलिसांच्या नियंत्रणातून मुक्त करण्याचा आदेश राज्य शासनास दिला. १९५८ पासून मोजल्यास यास सदतीस वर्षे लागली.

आरोपीच्या दृष्टीनेही या कागदांस महत्त्व आहे. १९५५ च्या दुरुस्तीने त्यास जबाबांच्या व इतर कागदांच्या प्रती विनामूल्य मिळू लागल्या. तपासाची दैनंदिनी मात्र त्याच्यापासून गुप्तच राहते; न्यायालय ती पाहू शकते, पण पुरावा म्हणून वापरू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रती देण्यास चौदा दिवसांची मुदत घातली असून, झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणेही आवश्यक केले आहे. त्यामुळे एकेकाळी रुमालात बांधल्या जाणाऱ्या या दप्तरात आता चित्रफितींचाही समावेश होतो.