जे दुसरे सिंगापूर होणार होते

जूनच्या शालेय सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मार्चपासूनच सुरू होतो. भारतात डिसेंबरात जायचेच असते, म्हणून मग बाली, पर्थ, मेलबर्न अशी नावे निघतात. यंदा आमच्या चिरंजीवांनी नकाशावर भलतीकडेच बोट ठेवले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनच्या ईशान्येस, समुद्रात घुसलेले कोबर्ग द्वीपकल्प. तिथे किनाऱ्यावर तंबू ठोकून चार दिवस राहायचे, असा बेत.

सिंगापूरहून डार्विन विमानाने साडेचार तास. जून म्हणजे तिथला कोरडा हंगाम, तेव्हा हवेची चिंता नाही. पुढे मात्र पावणेसहाशे किलोमीटरची वाट, तिचा शेवटचा मोठा टप्पा कच्चा. फोर-व्हील ड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही. वाटेत ईस्ट ॲलिगेटर नदी भरतीची वेळ पाहून ओलांडायची, कारण भरतीला फरशीवरून पाणी वाहते आणि पाण्यात मगरी असतात. (नदीला हे नाव देणाऱ्या इंग्रज दर्यावर्दीला मगर आणि ॲलिगेटर यांतला फरक कळला नव्हता. नाव तेच राहिले.) इंधन, पाणी, शिधा सगळे बरोबर न्यायचे.

आणि आधी परवाना काढायचा. नदीपलीकडे आर्नहेम लँड सुरू होते. १९७६ च्या कायद्यानुसार ही जमीन तिथल्या आदिवासींच्या मालकीची आहे. कोबर्गचे राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्वतंत्र कायद्याने झाले. मूळ मालक आणि सरकार मिळून ते चालवतात, आणि मंडळाचे अध्यक्षपद मूळ मालकांकडे असते. उद्यानाचे नाव गारिग गुनाक बार्लू. गारिग ही तिथली भाषा, गुनाक म्हणजे भूमी आणि बार्लू म्हणजे खोल पाणी. एका वेळी मोजक्याच गाड्यांना आत सोडतात, आणि आर्नहेम लँडमधून जाताना ठरलेला रस्ता सोडता येत नाही.

"समुद्रकिनाऱ्यावर झोपायला कोणाची परवानगी कशाला?" चिरंजीवांनी विचारले. मी म्हटले, पूर्वी एकदा न विचारता गेलेल्यांचे काय झाले ते वाच. वाचायला मीच बसलो, आणि वाचता वाचता पुन्हा सिंगापूरलाच येऊन पोचलो.

१८१९ नंतर सिंगापूरचा व्यापार झपाट्याने वाढला. बुगी लोकांची गलबते इथे गर्दी करू लागली. तेव्हा लंडनमध्ये अशी कल्पना निघाली की ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर असेच एक बंदर काढावे. १८२४ साली मेलव्हिल बेटावर आणि १८२७ साली कोबर्गच्याच रॅफल्स बे येथे (होय, तेच रॅफल्स) ठाणी झाली. दोन्ही १८२९ मध्ये बंद पडली. तरी हौस फिटली नाही. जॉर्ज विंडसर अर्ल नावाचा एक तरुण सिंगापूरच्या व्यापाऱ्यांसाठी जहाजे घेऊन फिरला होता. १८३७ साली त्याने या समुद्रांवर पुस्तक लिहिले आणि उत्तर ऑस्ट्रेलियात वसाहत झालीच पाहिजे असा आग्रह धरला. ऑक्टोबर १८३८ मध्ये कॅप्टन ब्रेमर कोबर्गच्या पोर्ट एसिंग्टन खाडीत उतरला. अर्ल दुभाषी म्हणून बरोबर होता. वसाहतीला राणीचे नाव मिळाले: व्हिक्टोरिया.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वादळाने वसाहत झोडपली आणि बंदरातले लढाऊ जहाज किनाऱ्यावर फेकले. मग तापाची साथ. व्यापारी काही आले नाहीत. ब्रेमर तर केव्हाच निघून गेला होता. जानेवारी १८४१ मध्ये हाँगकाँगवर इंग्रजांचा झेंडा लावणारा तोच. मागे राहिलेल्यांनी अकरा वर्षे काढली. स्थानिक लोकांनी त्यांना हुसकावले नाही. उलट कामात मदत केली, इंग्रजी शिकले. अखेर नोव्हेंबर १८४९ मध्ये एक जहाज येऊन सर्वांना घेऊन गेले. त्या जहाजाचा कप्तान होता हेन्री केपेल. होय, आपला केपेल रोडवाला केपेल. आदल्याच वर्षी त्याने सिंगापूरच्या दक्षिणेला खोल पाण्याचे बंदर हेरले होते, आणि १९०० साली त्याला केपेल हार्बर हे नाव मिळाले. एकाच माणसाने एक सिंगापूर गुंडाळले आणि दुसऱ्याला बंदर दिले. अर्ल सिंगापुरास परतला आणि १८५० साली इथल्याच एका नियतकालिकात त्याने या द्वीपसमूहातल्या लोकांसाठी 'इंडु-नेशियन' हा शब्द सुचवला. आज त्या शब्दाचे राष्ट्र आहे, आणि व्हिक्टोरियाच्या दगडी धुराड्यांपाशी फक्त होडीने जाता येते.

मला स्वतःला जास्त जवळची वाटली ती त्याआधीची गोष्ट. निदान अठराव्या शतकापासून सुलावेसीतल्या मकासरची गलबते दर डिसेंबरात वायव्येचा वारा धरून या किनाऱ्यावर येत. समुद्रकाकडी गोळा करून, उकडून, सुकवून चीनच्या बाजारासाठी नेत आणि एप्रिलच्या सुमारास परत फिरत. किनाऱ्याच्या लोकांना तांदूळ, तंबाखू, सुऱ्या, कापड देत. भांडणे झाली, रक्तही सांडले, पण ते पाहुण्यासारखे येत आणि ऋतू संपला की जात. त्यांच्या जुन्या तळांवर आजही चिंचेची झाडे आहेत. जेवणातल्या चिंचोक्यांतून उगवलेली. पूर्वेकडच्या योल्ङु लोकांच्या बोलीत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात. आपला रुपया मकासरच्या गलबतात बसून तिथवर गेला! हे येणेजाणे वादळाने नव्हे, सरकारने थांबवले. १९०६ पासून परवाने नाकारले गेले आणि १९०७ साली शेवटचे गलबत परतले.

हे सारे मी जेवताना सांगितले. चिरंजीवांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग सिंगापूरच्या किनाऱ्यावर झोपायचे तर मूळ मालक कोण?"

ईस्ट कोस्ट पार्कमध्ये तंबूचा परवाना नॅशनल पार्क्स बोर्ड देते. ती जमीन तर १९६० च्या दशकानंतर भराव घालून केलेली, तेव्हा तिला जुना मालकच नाही, असे मी गमतीने म्हणालो. पण प्रश्न खरा होता. रॅफल्स उतरला तेव्हा इथे सुमारे हजार माणसे होती असे मानतात, आणि त्यांतली बहुतेक ओरांग लाउत, म्हणजे समुद्रावरची माणसे. कल्लांग नदीवर पाचशे, सेलेतारच्या बाजूला दोनशे, सिंगापूर नदीवर दीडशे. करारात सुलतानाला वर्षाला पाच हजार डॉलर ठरले, तमेंगोंगला तीन हजार. होड्यांतून राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १८२४ नंतर कल्लांगच्या लोकांना जोहोरमधल्या पुलाई नदीवर हलवले गेले. तिथे देवीच्या साथीत ते गेले. १८४७ च्या नोंदीप्रमाणे शंभर कुटुंबांपैकी आठ उरली होती. आपण ज्या कल्लांगला खेळांचे सामने पाहायला जातो तेच हे कल्लांग. दक्षिणेच्या बेटांवरची कुटुंबे पुढे मुख्य बेटावरच्या सरकारी घरांत आली. त्यांतले सेमाकाउ १९९९ पासून आपला केर साठवते.

आपण सगळे इथे पास, पीआर, मग कोणी नागरिकत्व असे कागद घेऊनच आलो. परवानगी मागण्याची सवय आपल्याइतकी कोणाला असेल? पण ती नेहमी सरकारच्या खिडकीवर मागितली. त्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांकडे मागण्याची वेळ आमच्यावर तरी पहिल्यांदाच आली.

सौ.ने शिध्याची यादी केली आहे. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट. चिंच लिहून खोडली, कारण ऑस्ट्रेलियाचे कस्टम्स बियांच्या बाबतीत फार कडक. अर्ज चिरंजीवांनीच भरला: तारखा, माणसांची नावे, गाडी. विमानाची तिकिटे उत्तर आल्यावरच काढायची असे ठरले आहे. तोवर भाव वाढले तर वाढोत.