अथेन्समधील एक बालवृंद

शाळाशाळांच्या नाट्यस्पर्धा, त्यांच्या तालमी आणि विजयाची ढाल यांचा उत्साह आपल्या घराघरांत परिचयाचा आहे. अशीच ईर्ष्या प्राचीन अथेन्समध्येंही होती. डायोनिसस देवाच्या उत्सवांत ज्या रंगस्थळीं सोफोक्लिसचीं नाटकें स्पर्धेंत उतरत, तेथेंच मुलांच्या वृंदांचीही चढाओढ लागे. नागरिकांचे १० गण असत. प्रत्येक गणाचा ५० मुलांचा एक वृंद असे. तीं मुलें वर्तुळाकार नाचत देवाचें स्तुतिगीत गात. त्यांच्या तयारीचा भार एकेका धनिक नागरिकावर पडे. त्यास 'खोरेगोस', म्हणजे वृंदपति, म्हणत. तालमीची जागा, मुलांची व्यवस्था, वेषभूषा, सारें त्यानें पाहावयाचें.

इ. स. पूर्व ४१९ च्या सुमारास अपोलोच्या थार्गेलिया उत्सवासाठीं एका गृहस्थाकडे हें काम आलें. या उत्सवांत दोन गणांचा मिळून एक वृंद असे. चिठ्ठी टाकून पँटॅक्लिस नांवाचा शिक्षक त्याच्या वांट्यास आला. त्यानें आपल्याच घरांतील सोईची खोली तालमीस दिली. त्या वेळीं सरकारी पैशाच्या अपहाराबद्दल कांहीं जणांवर त्यानें फिर्याद केली होती, व तींत तो गुंतला होता. म्हणून त्यानें मुलांची देखरेख आपला जांवई फॅनोस्ट्रेटस व इतर तिघे यांवर सोपविली.

पुढें अनर्थ घडला. आवाज सुधारावा म्हणून डायोडोटस नांवाच्या एका मुलास कसलेंसें पेय पाजण्यांत आलें, आणि तो मुलगा दगावला. गळा सुटावा म्हणून ज्येष्ठमध चघळावयास देण्याची रीत आपल्याकडेही आहे. हेतु तितकाच निर्मळ असेल, पण परिणाम प्राणघातक झाला.

मुलाचा भाऊ फिलोक्रेटिस यानें वृंदपतीवर अनवधानानें घडलेल्या मनुष्यवधाचा आरोप केला. आरोपीसाठीं अँटिफॉन या प्रसिद्ध वक्त्यानें लिहिलेलें भाषण आज उपलब्ध आहे. तो म्हणतो, मीं पेय पिण्यास सांगितलें नाहीं, बळजबरी केली नाहीं, स्वतः दिलें नाहीं. त्या वेळीं मी तेथें नव्हतोंही. शिवाय मृत्यूच्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं भावानें दोष दिला नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र शत्रूंच्या पैशास भुलून तो उठला. यांत एक मर्म आहे. मनुष्यवधाचा आरोप रीतसर दाखल झाला, कीं आरोपीस चव्हाटा, देवालयें व न्यायालयें वर्ज्य होत. मग त्यानें स्वतः केलेली फिर्याद चालविणार कोण?

हा युक्तिवाद चतुर आहे. पण तो केवळ एका पक्षाचा आहे, हें विसरतां येत नाहीं. कारण मुलाचें मरण कोणीच नाकारीत नाहीं, आणि घर वृंदपतीचें होतें. आईबापांनीं मुलें हातीं दिलीं, तीं त्याच्या नांवावर, जांवयाच्या नव्हे. काम दुसऱ्यावर सोपवितां येतें, पण हा विश्वास सोपवितां येतो काय?

पुढें चौथ्या शतकांत अथेन्समध्यें असा नियम दिसतो, कीं मुलांचा वृंदपति ४० वर्षांवरील असावा. कोंवळ्या मुलांजवळ जाणाऱ्यास संयमाचें वय आलेलें असावें, असें त्याचें कारण वक्ता इस्किनीस देतो. ज्या नगरानें विजयी वृंदपतीस तिपाईचें पारितोषिक दिलें, त्यासच मुलांचें रक्षण कायद्यानें करावेंसें वाटलें. ढालीचा मान मोठा खरा; पण तालमीहून सारीं मुलें सुखरूप घरीं परतणें, हा त्याआधींचा मान होय.