सेवाबाह्य लष्करी रायफली

लष्कराने वापरातून अधिकृतपणे काढून टाकलेल्या आणि त्यानंतर विकलेल्या, अन्य राष्ट्रांस दिलेल्या किंवा संग्रहात ठेवलेल्या रायफलींना सेवाबाह्य किंवा अतिरिक्त लष्करी रायफली म्हणतात. नवे शस्त्र स्वीकारले गेले किंवा युद्ध संपून सैन्यसंख्या घटली, की अशा रायफलींचे साठे शिल्लक राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) असे प्रचंड साठे विक्रीस आले. सॅम्युएल कमिंग्ज (१९२७–९८) या अमेरिकन व्यापाऱ्याने १९५३ मध्ये कंपनी स्थापून निरनिराळ्या देशांचे साठे विकत घेतले व ते शिकारी आणि संग्राहक यांना स्वस्तात विकले. प्रत्येक लष्करी रायफलीवर तिची निर्मिती, दुरुस्ती व हस्तांतर यांचा वृत्तांत ठशांच्या रूपाने उमटलेला असतो. त्यामुळे लेखी नोंदी उपलब्ध नसल्या, तरी रायफल हेच एक ऐतिहासिक साधन ठरते. ब्रिटिश साम्राज्यभर वापरली गेलेली ली-एन्फील्ड रायफल हे याचे उत्तम उदाहरण होय.

इतिहास : या रायफलीचा बोल्ट व काढता-घालता येणारी काडतूसपेटी यांची रचना जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) याची आहे. ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये ०·३०३ इंच (सु. ७·७ मिमी.) व्यासाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीतील आटे उथळ होते. कॉर्डाइट या नव्या धूरविरहित दारूच्या उष्णतेने ते लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ मध्ये एन्फील्ड येथील शस्त्रकारखान्याने सिद्ध केलेले पाच खोल आटे वापरात आले व रायफलीस ली-एन्फील्ड हे नाव मिळाले. आखूड नळीचा प्रकार १९०३ मध्ये व त्याचा प्रसिद्ध ‘मार्क ३’ हा नमुना १९०७ मध्ये आला. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढविण्यासाठी काही भाग वगळून तो सोपा करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात ‘क्रमांक ४’ हा प्रकार ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथे तयार झाला. सर्व प्रकार मिळून सु. १ कोटी ७० लाख रायफली निर्माण झाल्याचा अंदाज आहे. बंगालमधील इशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना उभारण्यात आला. तेथे या रायफली, तर पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात तिची काडतुसे होत. काडतुसाच्या बुडावरील ‘के एफ’ हा ठसा खडकीचा होय.

ओळख : दस्ता ज्या पोलादी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूस सामान्यतः राजमुकुट, राज्यकर्त्याची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष व नमुना हे ठसे असतात. इशापूरच्या जुन्या रायफलींवर ‘जी आर आय’ ही सम्राट जॉर्जची आद्याक्षरे आढळतात. प्रजासत्ताकाच्या काळात त्यांची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. रुंद बाणाचे चिन्ह ब्रिटिश सरकारची मालकी दर्शविते, तर टोकाला टोक भिडविलेले दोन बाण म्हणजे शस्त्र सेवेतून विकले गेल्याची खूण होय. ‘एफ टी आर’ ही अक्षरे कारखान्यात झालेली संपूर्ण दुरुस्ती सुचवितात.

मात्र एकट्या ठशावर विसंबणे धोक्याचे असते. अमेरिकेत तयार झालेल्या ‘क्रमांक ४’ रायफलींवर अमेरिकेच्या मालकीचा ठसा आहे. परंतु त्या अमेरिकन सैन्यासाठी नव्हत्या. उसनवार-भाडेपट्टा योजनेखाली त्या ब्रिटनला देण्यात आल्या. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांपैकी काहींवर अक्षरे उलटी पडलेली असतात, तर काही आखूड रायफलींवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतात. राणीचे निधन १९०१ मध्ये झाले व आखूड नमुना १९०३ मध्ये आला, हे लक्षात घेता अशी रायफल अस्सल असू शकत नाही. ‘क्रमांक ५’ या जंगल कार्बाइनच्याही बनावट प्रती ‘क्रमांक ४’ कापून करण्यात आल्या. अस्सल कार्बाइनमध्ये वजन घटविण्यासाठी पोलाद कोरून काढलेले असते, तसे बनावटीत नसते. इशापूर येथे ‘मार्क ३’ रायफलींच्या नळ्यांतील आटे काढून पोलिसांसाठी ०·४१० इंच व्यासाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी मस्केट बनविण्यात आली. तिच्यावर मूळ रायफलीचे ठसे तसेच राहतात. म्हणून ठसा, रचना व व्यास यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो.

तपासणी : प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली जाते. नंतर बोल्ट, नळीचा मागील भाग व लाकडी भाग यांवरील क्रमांक जुळतात की नाही ते पाहतात. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असल्यास बंद बोल्टचे तोंड व काडतुसाच्या कडेला टेकणारी नळीची मागील बाजू यांतील अंतर बिघडण्याचा संभव असतो. ०·३०३ रायफलीसाठी हे अंतर ०·०६४ ते ०·०७४ इंच (सु. १·६३ ते १·८८ मिमी.) ही लष्करी मर्यादा होती. ते वाढल्यास काडतुसाची नळकांडी फुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटामुळे नळीत क्षार साचून गंज चढतो, तर नळी साफ करण्याच्या दोरीच्या घर्षणाने तिचे तोंड झिजते. ‘डी पी’ असा ठसा असलेली रायफल केवळ कवायतीची असून गोळीबारास अयोग्य समजली जाते.

कायदा : २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या टपालाने मागविलेल्या इटालियन सेवाबाह्य कार्कानो रायफलीने झाली. ‘सी २७६६’ या तिच्या क्रमांकावरून शिकागोच्या विक्रेत्यामार्फत खरेदीदारापर्यंत माग काढता आला. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने टपालविक्रीवर व लष्करी रायफलींच्या आयातीवर निर्बंध घातले. जुन्या, संग्रहयोग्य शस्त्रांपुरती आयात १९८४ मध्ये पुन्हा खुली झाली, तेव्हा इशापूरच्या रायफलीही तेथील बाजारात पोहोचल्या. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांनी ०·३०३ इंची व ७·६२ मिमी. च्या रायफली आणि ०·४१० मस्केट यांना निषिद्ध वर्गात टाकले; त्यामुळे येथे हे शस्त्र प्रामुख्याने संग्रहालये व शासकीय शस्त्रागारे यांतच पाहावयास मिळते.

संग्रह व जतन : युद्धोत्तर काळात असंख्य रायफलींचे पुढील लाकूड कापून व नळ्या आखूड करून त्या शिकारीसाठी बदलण्यात आल्या. काही संग्राहकांनी पोलाद घासून व लाकूड नव्याने पॉलिश करून त्या नव्यासारख्या केल्या. या दोन्हींत ठसे, दुरुस्तीच्या खुणा व मूळ लेप नाहीसे होतात आणि त्यांबरोबर शस्त्राचा पुरावाही नष्ट होतो. म्हणून गंज थांबविण्यापुरते तेल देणे, कोणताही भाग न बदलणे आणि सर्व खुणांची छायाचित्रांसह नोंद ठेवणे, ही आज मान्य पद्धत आहे.

भारतीय पोलिसांत ०·३०३ रायफल दीर्घकाळ टिकली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्याच्या वेळीही ती तेथील पोलिसांच्या हाती होती व स्वयंचलित रायफलींपुढे तिची अपुरी शक्ती उघड झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी तिला निरोप दिला. कालबाह्य शस्त्र सेवेतून काढणे क्रमप्राप्त असते. तथापि ते नष्ट करण्यापूर्वी त्यावरील ठसे व क्रमांक टिपून न घेतल्यास, इशापूर व खडकीच्या कामगारांनी घडविलेल्या एका मोठ्या उद्योगाच्या इतिहासाचे अस्सल साधन कायमचे नाहीसे होते.