अपठित उतारा

महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एक छापील कागद पडतो. त्यावर इंग्रजीतील पंधरावीस ओळींचा मजकूर असतो आणि त्याखाली पाचसहा प्रश्न असतात. हा मजकूर त्याने पूर्वी कधी पाहिलेला नसतो, कोणत्याही शिक्षकाने तो त्यास समजावून दिलेला नसतो, आणि त्याचे उत्तर पाठ करून येण्याची सोय नसते. यालाच आपण अपठित उतारा म्हणतो. दिसावयास हा प्रश्न अगदी साधा. परंतु आपल्या देशातील शिक्षणात त्याला त्याचे खरे स्थान मिळावयास फार काळ लागला. त्या काळाची हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

१८५४ साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्याला अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. त्या वेळचे लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे, ते केवळ परीक्षा घेई. आपली नवी विद्यापीठेही त्याच वळणावर गेली. शिकवावयाचे शाळांनी व महाविद्यालयांनी, आणि पारख करावयाची विद्यापीठाने, अशी ही वाटणी होती. मॅट्रिक्युलेशन म्हणजे या व्यवस्थेची पहिली वेस. ती ओलांडल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नसे, आणि त्या वेशीवरची भाषा इंग्रजी होती.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. १८६२ साली तेच दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह, या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. या मंडळींचे इंग्रजी वाचन अफाट होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु पहिल्या पिढीच्या या तेजामुळे एक गोष्ट झाकली गेली. वाचन त्यांनी आपल्या बुद्धीच्या बळावर साधले होते. परक्या भाषेतील मजकूर वाचून त्याचा अर्थ कसा लावावा, हे सामान्य मुलास शिकविण्याची रीत शाळांपाशी नव्हती. विद्यापीठ परीक्षा घेत होते, शाळा पुस्तके संपवीत होत्या, आणि या दोहोंच्या मध्ये वाचनाची विद्या बेवारशी राहिली होती.

त्या सामान्य मुलाची अवस्था काय होती, याची साक्ष पुढे एका जगप्रसिद्ध पुरुषाने देऊन ठेविली आहे. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले. इंग्रजीत त्यांना २०० पैकी ८९ गुण मिळाले होते. इयत्ता चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकविले जाऊ लागले आणि भूमिती तर आपणास काही केल्या उमगेना, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९३८ साली ‘हरिजन’ पत्रात लिहिताना ते याहून पुढे गेले. गणित, भूमिती, रसायन, खगोल हे विषय शिकावयास आपणास चार वर्षे लागली; ते गुजरातीतून शिकविले असते तर एका वर्षात सहज आले असते, असा त्यांचा हिशेब होता. भूमिती कठीण नव्हती. भूमितीवरचे इंग्रजी कठीण होते. ज्या मुलास वाक्य कळत नाही, त्याची बुद्धी कशी आहे हे त्या वाक्यावरून ठरविले जात होते.

वाक्य न कळणाऱ्या मुलाने मग काय करावे? त्याने पाठ करावे. कलकत्ता विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी वेचे नेमून दिले होते. वेचे नेमले की त्यांच्या टीपा निघतात, टीपांवरून तयार उत्तरे निघतात, आणि मूळ वेचा न वाचताही त्यावरील प्रश्न सोडविता येतो. १९०१ साली सिमल्याच्या शिक्षणपरिषदेत लॉर्ड कर्झन यांनी या घोकंपट्टीवर टीका केली. पुढच्याच वर्षी सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला गेला. इंग्रजीला एवढे महत्त्व देऊनही मॅट्रिक झालेल्या मुलास महाविद्यालयातील इंग्रजी व्याख्यान समजत नाही, असा निर्वाळा त्या आयोगाने दिला. प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजीचे पाठ्यपुस्तक नेमूच नये, अशी त्याची शिफारस होती. पाठ करावयास पुस्तकच नसले तर मुलास वाचावे लागेल, हा त्यामागील विचार.

न पाहिलेल्या मजकुरावर परीक्षा घेण्याची कल्पना मूळची इंग्लंडातील. तेथील शाळांत लॅटिन व ग्रीक भाषांतील अपरिचित उतारे भाषांतरासाठी देत. परंतु आयोगाच्या तर्कात एक उणीव होती. पाठ्यपुस्तक काढून घेतल्याने घोकंपट्टीचा आधार तुटतो. वाचन आपोआप येत नाही. पोहणे शिकविल्यावाचून मुलाच्या कमरेचा भोपळा सोडून घेण्यासारखेच ते होते.

वाचताना मनात नेमके काय घडते, याचा शोध १९१७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी घेतला. त्यांनी मुलांना छोटे परिच्छेद वाचावयास दिले आणि त्यांची चुकलेली उत्तरे तपासली. परिच्छेदातील एखाद्या शब्दास मूल नको तितके वजन देते, एखाद्यास मुळीच देत नाही, आणि मग सारा अर्थ कलतो, असे त्यांना आढळले. परिच्छेद समजणे हे गणिताचे उदाहरण सोडविण्यासारखे विचाराचे काम आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. ती मुले तर आपल्या रोजच्या भाषेत वाचीत होती. परभाषेत वाचणाऱ्या मुलाची अडचण किती मोठी असेल, याची यावरून कल्पना यावी.

त्या अडचणीचा पद्धतशीर विचार झाला तो आपल्याच उपखंडात, ढाक्याला. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षणसेवेतील इंग्रज अधिकारी तेथील अध्यापक महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९२६ साली त्यांचा द्विभाषिकतेवरील ग्रंथ हिंदुस्थान सरकारने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न असा की, बंगाली मुलास इंग्रजी कशासाठी हवे? काव्य, कथा, धर्मविचार या बाबतीत त्याची मातृभाषा संपन्न आहे; शास्त्रीय व व्यावहारिक माहितीसाठी मात्र त्याला इंग्रजी ग्रंथांकडे जावे लागते. म्हणजे त्याची पहिली गरज आहे वाचता येण्याची. बोलणे आणि लिहिणे मागाहून यावे.

वेस्ट यांच्या विचाराचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. बंगालमधील बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, हे त्यांनी ध्यानात घेतले. विमा मध्येच बंद केला तर विमेदाराच्या हाती काही रक्कम पडते, तसे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते, असा हिशेब त्यांनी मांडला. परीक्षेपर्यंत पोहोचणाऱ्या थोड्यांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात बाकीच्यांच्या पदरी शून्य पडत होते. वाचन मात्र असे आहे की, दोन वर्षे शिकलेल्यालाही त्याचा दोन वर्षांपुरता उपयोग होतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच दुखणे वेगळ्या शब्दांत मांडले होते: बहुजनांच्या करातून येणारा पैसा वरच्या थोड्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजन कोरडे राहतात. वेस्ट यांनी त्याच दुखण्याकडे वाचनाच्या अंगाने पाहिले.

त्यांनी वाचनमाला तयार केल्या त्याही या दृष्टीने. जुनी, केवळ पुस्तकी इंग्रजी नावे व क्रियापदे काढून त्यांजागी नित्याचे शब्द घातले. नवे शब्द विरळ पेरले, म्हणजे एक पचण्यापूर्वी दुसरा आडवा येऊ नये. आधी प्रश्न वाचावा, मग त्याचे उत्तर शोधीत उतारा वाचावा, हा त्यांचा परिपाठ होता. शोधणारे डोळे जागे राहतात. १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे कित्येक दशके जगभरच्या वाचनमालांना तिचा आधार मिळाला.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत शब्दांहूनही वाक्यरचनेची अडचण मोठी आहे. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते. ते येईपर्यंत कान थांबतो आणि ते आले की अर्थ पुरा होतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि त्याच्या मागे अटी, अपवाद आणि कारणे यांची शेपटी लांबत जाते. मराठी वाचक क्रियापदापाशी अर्थ पुरा झाला असे धरतो आणि शेपटी सोडून देतो. प्रश्न मात्र नेमका शेपटीवर असतो. दुसरा सापळा लहान शब्दांचा. ‘हार्ड’ म्हणजे कठीण किंवा नेटाने, हे मुलास ठाऊक असते. म्हणून ‘हार्डली’ दिसताच तो ‘कष्टपूर्वक’ असा अर्थ घेतो. वास्तविक त्याचा अर्थ ‘जेमतेम’ किंवा ‘जवळजवळ नाहीच’. एका शब्दाने आळशी माणूस उद्योगी ठरतो! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांना दोन भाषांतील हा फरक वाक्यावाक्याने हाती लागत असे. भाषांतराची सवय मागे पडली, त्याबरोबर वाक्याचे सांधे तपासण्याची सवयही सैल झाली.

स्वातंत्र्यानंतर वाचनाच्या प्रश्नाला नवे महत्त्व आले. महर्षी कर्वे यांनी १९१६ सालीच महिला विद्यापीठात मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा विषय, अशी मांडणी करून दाखविली होती. १९६६ साली कोठारी आयोगाने आपल्या अहवालात इंग्रजीस ग्रंथालयाची भाषा म्हटले आणि तिचे पुरेसे ज्ञान असल्याखेरीज कोणासही पदवीस पात्र समजू नये, असे सांगितले. ग्रंथालयाची भाषा म्हणजे वाचावयाची भाषा. ढाक्यात १९२६ साली निघालेला निष्कर्ष असा चाळीस वर्षांनी दिल्लीत उमटला.

२०२२ सालापासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी देशभर एकच सामाईक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. तिच्यातील भाषेच्या परीक्षेत अपठित उताऱ्यांस मुख्य स्थान मिळाले. पहिल्या वर्षी तेरा भाषांतून एक निवडण्याची मुभा होती आणि त्यांत मराठी होती. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून मराठी दूर झाली तेव्हा ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी अखेरच्या वर्षांपर्यंत खटपट केली होती. त्यांना या बातमीने समाधान वाटले असते.

तथापि घोकंपट्टी हार मानणारी नाही. तिने नवे रूप घेतले आहे. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावा, सापडेल ती ओळ उत्तर म्हणून धरावी, उतारा वाचण्यात वेळ दवडू नये, अशी युक्ती मुलांना शिकविली जाते. वेस्ट यांनी आधी प्रश्न वाचावयास सांगितला तो मजकूर लक्ष देऊन वाचला जावा म्हणून. येथे तीच गोष्ट मजकूर टाळण्यासाठी वापरली जाते. युक्तीने एखादा गुण मिळतोही. परंतु महाविद्यालयात त्याच्यापुढे येणाऱ्या ग्रंथांखाली प्रश्न छापलेले नसतात.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी परीक्षा देणारा मुलगा वा मुलगी असेल, त्यांनी रोज एक अपरिचित परिच्छेद, इंग्रजीतला किंवा मराठीतला, त्यांच्याकडून वाचून घ्यावा आणि पुस्तक मिटून एवढेच विचारावे: यात काय सांगितले आहे, ते तुझ्या शब्दांत सांग. पहिल्या आठवड्यात उत्तर अडखळत येईल. ते अडखळणे पाठ केलेल्या ओघापेक्षा अधिक मोलाचे समजावे, कारण तेथे त्या मुलाची स्वतःची बुद्धी चालू लागलेली असते.