सोबत आलेली बाई

परवा बऱ्याच दिवसांनी इंद्रायणीने पुण्याला निघालो होतो. कर्जतला गाडी थांबली, नवऱ्याने सवयीने दिवाडकरांचे वडे घेतले, आणि थोड्याच वेळात मागून तो ओळखीचा धक्का बसला. बँकर लागले! घाट चढवायला मागून ढकलणारी इंजिनं. माझं माहेर खोपोलीचं, त्यामुळे हा धक्का मला लहानपणापासून पाठ आहे. पण हल्ली तो बसला की मला एका बाईची आठवण होते. ती माझ्या दीडशे वर्षं आधी होऊन गेली आणि आमची ओळख झाली तीसुद्धा कर्जत-खोपोलीत नाही, पार न्यू जर्सीत.

सांगते.

२००४ मध्ये नवऱ्याला तिकडे नोकरी लागली आणि मी त्याच्याबरोबर गेले. इथे मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तिथे माझा व्हिसा एच-४, म्हणजे 'डिपेंडंट'. नोकरी करायची नाही, सोशल सिक्युरिटी नंबर मिळायचा नाही. (काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये, तोवर आम्ही परत येऊनही बरीच वर्षं झाली होती.) घराचं भाडेपत्र, फोन, गाडी, सगळं नवऱ्याच्या नावावर. माझ्या एकटीच्या नावावर काय होतं? तर लायब्ररीचं कार्ड!

त्या कार्डाचा मी अगदी पुरेपूर वसूल होईल असा वापर केला. एक दिवस भारतीय रेल्वेच्या इतिहासावरचं पुस्तक चाळताना 'कॅम्पूली' असं काहीतरी दिसलं. दोनदा वाचल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर आमची खोपोली! मग काय, तिथेच खाली बसून वाचायला लागले.

तर मंडळी, गोष्ट अशी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पुढे १८५६ मध्ये जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रूळ सुरू झाला. मधे उभा बोरघाट. लोक खोपोलीला उतरायचे, पालखीने नाहीतर घोड्यावरून घाट चढायचे आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचे. हा मधला तुकडा जोडणं हे खरं काम. साधारण २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचं, २५ बोगदे खणायचे, आणि काही ठिकाणी चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर.

या कामाचा पहिला ठेकेदार फॅव्हिएल. काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. पण मजुरांचे पैसे पोटठेकेदारांकडे अडकायचे, असंतोष धुमसत होता, आणि १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगल पेटली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. मग इंग्लंडहून नवा ठेकेदार आला, सॉलोमन ट्रेडवेल. आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, ॲलिस.

बस, इतकंच. 'आणि त्याच्याबरोबर त्याची बायको'. नवऱ्याच्या कामासाठी परक्या मुलखात सोबत आलेल्या बाईबद्दल इतिहास साधारण एवढंच लिहितो.

पण सॉलोमन भारतात उतरला आणि काही आठवड्यांतच, १८५९ च्या अखेरीला, आजारी पडून गेला. आता विचार करा. अनोळखी देश, भाषा येत नाही, नवरा नाही, आणि नवऱ्याच्या नावावर अर्धवट राहिलेला अख्खा डोंगर. कुणीही पहिली बोट पकडून घरी गेलं असतं तरी चाललं असतं. ॲलिसने ठेका सोडला नाही. तिने तो स्वतःच्या नावावर घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर असे दोन अनुभवी व्यवस्थापक नेमले, आणि काम पुरं करून दिलं. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं.

हल्ली इंटरनेटवर ॲलिसला थेट 'बोरघाट बांधणारी महिला इंजिनियर' करून टाकलेलं दिसतं. तसं नाही हो! घाटाची आखणी जेम्स बर्कली या मुख्य इंजिनियरची आणि त्याच्या माणसांची. रोजचं काम बघायला ते दोन व्यवस्थापक. ॲलिसने सुरुंग पेरले नाहीत. तिने जबाबदारी घेतली, योग्य माणसं निवडली आणि सही केली. मला विचाराल तर हे काही कमी नाही. त्यासाठी तिला इंजिनियर बनवायची गरज नाही.

त्या सहीपाशी मात्र मी तेव्हाही अडकले होते आणि अजून अडकते. कारण त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला साधारणपणे स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. तिची कमाई नवऱ्याची, मालमत्ताही नवऱ्याची. हे बदलायला लागलं ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. विधवेला मात्र करार करता यायचा. म्हणजे ॲलिस बोटीतून उतरली तेव्हा तिची सही कवडीमोलाची होती. नवऱ्याला मूठमाती दिल्यावर तीच सही डोंगर फोडायला चालायला लागली. बाई तीच, अक्कल तीच, फक्त नात्याच्या रकान्यातला शब्द बदलला.

आणि आपल्याकडे? घाटाचं काम सुरू झालं त्याच १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. पण कायदा कागदावर. इथल्या कितीतरी घरांत तेव्हाची विधवा केशवपन करून माजघरात बसलेली असे. वैधव्याने एकीला कागदावर नाव दिलं आणि दुसरीचं होतं नव्हतं ते पुसलं.

पण थांबा, ॲलिसचं कौतुक करताना मला आणखी कुणीतरी दिसायला लागतात. काम ऐन भरात होतं तेव्हा, १८६१ च्या सुमाराला, घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. त्यांतली कितीतरी दख्खनच्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं आलेली. पुरुष पहारीने भोकं पाडायचे, कड्यावर दोरांना लोंबकळून सुरुंग भरायचे, आणि बाया-पोरं टोपल्यांतून दगडमाती वाहायची. पटकीची साथ आली की वस्त्याच्या वस्त्या झोपायच्या. त्यांत नवरा गेलेल्या बायका किती असतील! त्याही परमुलखात सोबतच आल्या होत्या ना? दुसऱ्या दिवशी त्यांनीही टोपली उचललीच असेल. पण त्यांना सही करायला कुणी कागद दिला नाही.

आमच्या घाटातल्या शिंग्रोबाचं देऊळ तुम्हाला माहीत असेल. आजोबा सांगायचे, या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, आणि बक्षीस काय हवं विचारल्यावर 'देश सोडून जा' म्हणाला, म्हणून त्याला गोळी घातली. ही दंतकथा. पण लोकांना ती हवीशी वाटली, कारण एवढ्या मोठ्या कामात आपल्या एका तरी माणसाचं नाव असावं असं वाटतंच की. आजही ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात. टोपलीवालीचं देऊळ मात्र मला अजून कुठे दिसलेलं नाही.

असो. तर परवा गाडी पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी करत चढत होती आणि मी नवऱ्याला हे सगळं सांगत होते. त्याने वड्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे तो मेला म्हणून तिचं नाव झालं."

"हो. नाहीतर तीही 'सोबत बायको' म्हणूनच राहिली असती."

एक बोगदा गेला. दुसरा गेला. मग बाहेर बघतच तो म्हणाला, "तुला तेव्हा राग यायचा का गं? तिकडे असताना?"

वीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं. २००९ मध्ये परत आलो तेव्हा मला पुन्हा कॉलेजात जागा मिळाली नाही, मधल्या पाच वर्षांचं काय केलंत याला माझ्याकडे कागदावर दाखवता येईल असं उत्तर नव्हतं. घरीच क्लासेस सुरू केले, ते चांगले चालले, विषय मागे पडला. भांडण कधी झालंच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचाही काही दोष नव्हता, नियमच तसा होता. पण नियम कुणाचा होता हा एक प्रश्न, आणि राग यायचा का हा वेगळा प्रश्न. तो कधी तरी कुणी विचारायला हवा होता.

"यायचा," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. माझा हात हातात घेऊन बसून राहिला.

मंकी हिल मागे पडलं, खंडाळा गेलं. लोणावळ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. मागची इंजिनं कधी सुटली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी मुद्दाम खिडकीतून मान काढून मागे बघितलं.