दारावरचें तोरण

दसऱ्याच्या सकाळीं दारावर चढणारें तोरण पाहिलें म्हणजे कोणासही असें वाटावें कीं, ही वस्तु फार प्राचीन काळापासून याच रूपांत चालत आली आहे. आंब्याचीं हिरवीं पानें, त्यांच्यामध्यें झेंडूचीं केशरी-पिवळीं फुलें, आणि तीं ओवणारी साधी सुतळी. यांत नवें तें काय असणार? परंतु या तोरणाला इतिहास आहे, आणि तो आपल्या घरखर्चाशींही थोडा निगडित आहे. सणाच्या आदल्या दिवशीं फुलांचा भाव चढतो, आणि बेताच्या मिळकतीच्या गृहिणीला प्रश्न पडतो कीं, फुलें थोडीं घेतलीं तर आपलें तोरण उणें दिसेल काय? या प्रश्नाचें उत्तर इतिहासाला विचारून पाहूं.

'तोरण' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ प्रवेशद्वार किंवा कमान असा आहे. अशीं तोरणें पाहावयाचीं तर सांचीस जावें. तेथील मोठ्या स्तूपाच्या चार दिशांना सुमारें 2,000 वर्षांपूर्वींचीं दगडी तोरणें उभीं आहेत. दोन खांब आणि त्यांवर तीन आडव्या तुळया, अशी त्यांची रचना आहे. दगडांची जोडणी मात्र सुताराच्या हातची वाटते; म्हणजे दगडापूर्वीं हीं तोरणें लांकडाचीं होत असलीं पाहिजेत. दक्षिणेकडील तोरणावरील एका लेखांत, येथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनीं केलें, असें नमूद आहे. त्याच तोरणाची वरची तुळई सातकर्णि राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचें दान आहे. सातवाहनांचें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. येथें आपणांस महत्त्वाची गोष्ट ही कीं, राजाच्या नांवाशेजारीं हातानें काम करणाऱ्यांचीं नांवें या तोरणावर टिकून राहिलीं.

पुढें मराठींत कमानीचा अर्थ मागें पडला, आणि दारावर लटकणाऱ्या पानाफुलांच्या माळेलाच आपण तोरण म्हणूं लागलों. कोणत्याही कार्याच्या शुभारंभास 'तोरण बांधणें' म्हणतात, तें यामुळेंच.

आतां झेंडूकडे वळूं. आज झेंडूवांचून दसरा सुचतही नाहीं. पण हें फूल मूळचें आपलें नव्हे. त्याचें माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची, काजू, पेरू, अननस असे कितीएक अमेरिकन पाहुणे हिंदुस्थानांत आले, त्यांच्याच मालिकेंतील हा झेंडू. युरोपांत त्याच्या एका जातीला आफ्रिकेचें आणि दुसरीला फ्रान्सचें नांव मिळालें. वस्तुतः तीं दोन्हीं नांवें चुकीचीं आहेत. खुद्द मेक्सिकोंत 1 व 2 नोव्हेंबर या दिवशीं मृत आप्तांच्या स्मरणार्थ जीं वेदिका मांडतात, ती याच फुलांनीं सजवितात. तिकडे पितरांचें, इकडे विजयाचें. फूल एकच, आणि ऋतूही जवळजवळ एकच.

हा परका पाहुणा आपल्या चौकटीवर इतका सहज कसा चढला? कारण तो गरिबाला परवडला. तो हलक्या जमिनींतही येतो, पावसाळ्यांत लावला म्हणजे आश्विनांत फुलतो, खुडल्यावर दोन-तीन दिवस तग धरतो, आणि ओवतांना त्याच्या पाकळ्या गळत नाहींत. ज्या गुणांसाठीं तो स्वीकारला गेला, ते सर्व काटकसरीचेच गुण होते. मग त्याच्याच पायीं कोणीं कर्ज कां काढावें?

आंब्याचें पान मात्र खरोखर येथलें. झाड सदाहरित असल्यामुळें तें चैत्रांत पाडव्याला मिळतें, तसेंच आश्विनांत दसऱ्यालाही. कोकणांत तर याच दिवसांत 'नवें' बांधतात: आंब्याच्या पानांत भाताची लोंबी, नाचणीचें कणीस, कुरडूचें फूल असें जें शेतांत आणि बांधावर हातीं लागेल तें घेऊन त्याची जुडी दाराला लावतात. बाजाराचा त्यांत संबंधच येत नाहीं.

तेव्हां शहरांतील घरानेंही असें करावें. तीन फूट रुंदीच्या दाराला पांच फूट सुतळी घ्यावी, म्हणजे बांधावयास दोन्हीं बाजूंस एक-एक फूट उरते. अकरा पानें देठासह खुडावींत. डहाळी मोडूं नये. तीन-तीन इंचांवर एक पान ठेवून त्याचें देठाकडील टोक सुतळीवरून दुमडावें आणि नारळाच्या हिराच्या तुकड्यानें टोंचून बसवावें. मधल्या दहा जागीं दहा फुलें पुरतात. फुलें वाळल्यावर टाकूं नयेत. तीं चुरून ठेवावींत आणि आषाढ-श्रावणांत कुंडींत पेरावींत. सर्वच बीं रुजेल असें नाहीं. पण जेवढें रुजेल तेवढें पुढील दसऱ्याला फुकट मिळेल.

आज बाजारांत प्लास्टिकचीं तोरणेंही मिळतात. एकदां घेतलें कीं वर्षानुवर्षें टिकतें, हा त्यांचा मोठा गुण म्हणून सांगतात. परंतु तोरण सुकतें, म्हणूनच तें पुन्हां बांधावें लागतें. आणि पुन्हां बांधतांना घरांतील मुलें आजीजवळ बसून पान दुमडावयास शिकतात. सांचीच्या कारागिरांनीं दगड वापरला, कोकणच्या शेतकऱ्यानें लोंबी वापरली, आणि मधल्या कोणत्या तरी पिढीनें समुद्रापलीकडचें फूल वापरलें. प्रत्येकानें जवळ होतें तेंच घेतलें. ज्या घरीं आज केवळ आंब्याचीं पानें आहेत, त्या घराचें तोरण उणें नाहीं; आपल्या तोरणांतील जो भाग सर्वांत जुना, तोच त्या दारावर आहे.