अमेरिकेत सैन्यसेवेनंतर सुरक्षा मंजुरी : चोवीस महिन्यांची मुदत महत्त्वाची

अमेरिकेच्या सैन्यदलांत गोपनीय माहिती हाताळणाऱ्या जवानांना व अधिकाऱ्यांना सुरक्षा मंजुरी दिली जाते. ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘सीक्रेट’ व ‘टॉप सीक्रेट’ असे तिचे तीन स्तर आहेत. संरक्षण कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांतील अनेक पदांसाठी ती पूर्वअट असल्याने, नागरी नोकरीच्या शोधातील माजी सैनिकांसाठी तिचे मोल मोठे असते.

मात्र ही मंजुरी व्यक्तीची मालमत्ता नव्हे. मंजुरीची पात्रता आणि गोपनीय माहिती पाहण्याची मुभा या दोन भिन्न बाबी आहेत. सेवा संपताच मुभा संपुष्टात येते. पात्रतेची नोंद मात्र कायम राहते. सर्वसाधारण नियमानुसार, चोवीस महिन्यांच्या आत मंजुरी आवश्यक असलेले पद मिळाल्यास आणि मधल्या काळात कोणतीही प्रतिकूल बाब उघड न झाल्यास, संपूर्ण तपासणी नव्याने न करता मंजुरी पुन्हा लागू करता येते. ही मुदत उलटल्यास प्रक्रिया नव्याने सुरू करावी लागते आणि तिला अनेक महिने लागू शकतात.

मंजुरीसाठी स्वतः अर्ज करता येत नाही किंवा शुल्क भरून ती टिकवताही येत नाही. शासकीय विभागाने अथवा मान्यताप्राप्त कंपनीने त्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यामुळे नोकरीचा शोध सेवेत असतानाच सुरू करणे हिताचे ठरते. ‘स्किलब्रिज’ योजनेअंतर्गत वरिष्ठांच्या अनुमतीने सेवेच्या अखेरच्या १८० दिवसांत खासगी कंपनीत कामाचा अनुभव घेता येतो. राखीव दलातील पदाला मंजुरी आवश्यक असल्यास, त्या पदावर रुजू होणे हाही एक मार्ग आहे.

पूर्वी ‘टॉप सीक्रेट’ मंजुरीची पाच, तर ‘सीक्रेट’ मंजुरीची दहा वर्षांनी फेरतपासणी होत असे. २०२१ पर्यंत संरक्षण विभागातील मंजुरीधारकांना सातत्यपूर्ण पडताळणीच्या कक्षेत आणण्यात आले. सेवा सोडणारी व्यक्ती या कक्षेबाहेर जाते.

सेवामुक्तीपूर्वी तुकडीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून मंजुरीचा स्तर व अखेरच्या तपासणीची तारीख जाणून घेणे आवश्यक आहे. गेल्या दहा वर्षांतील निवासाचे पत्ते व नोकऱ्या, तसेच परदेश प्रवास व थकीत कर्जे यांच्या नोंदी जपून ठेवल्यास पुढील अर्ज भरणे सुलभ होते. नोकरीच्या अर्जात मंजुरीचा स्तर नमूद करता येतो. गोपनीय कामाचा तपशील मात्र देता येत नाही. मंजुरीची मुदत संपली तरी गोपनीयतेच्या कराराचे बंधन कायम राहते.